अर्धं घर बाजूला

मॅक्सवेलने विद्युतचुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत १८६५ साली छापला तेव्हा त्यात वीस समीकरणं होती. हेविसाइडने ती चारवर आणली. ही चार आज इंजिनिअरिंगची मुलं घोकतात, पण कागदावर ती सुटतात फक्त गोळा, सरळ नळी, सपाट पत्रा अशा सोज्वळ आकारांसाठी. लहरीच्या वाटेत विमान किंवा माणसाचं डोकं आलं की पेन अडतं.

अशा आकारांसाठी ती संगणकाने सोडवायची वाट सापडली ती मे १९६६ मध्ये, केन यी यांच्या जेमतेम सहा पानी निबंधात. गणिताच्या चौकटीच्या वहीसारखी त्रिमितीतली जाळी आखायची, इथवर नवं काही नव्हतं. खुबी आकडे लिहिण्याच्या जागेत होती. विद्युतक्षेत्र प्रत्येक घनाच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्र त्याच्या पृष्ठांच्या मध्यावर, म्हणजे अर्धं घर सरकवून. मग प्रत्येक विद्युत आकड्याभोवती चार चुंबकीय आकडे आपोआप फेर धरतात, आणि उलटही तसंच. समीकरणांतलं ‘भोवती फिरणं’ साध्या वजाबाकीत उतरतं. काळातही दोघं अर्ध्या पावलाने मागेपुढे चालतात, एकाआड एक.

तरी वर्षानुवर्षं फारसं कुणी फिरकलं नाही. कारण हिशेबातच आहे. बाजूला शंभर घरं धरली तर दहा लाख घन, प्रत्येकी सहा आकडे (दोन्ही क्षेत्रांचे तीन दिशांतले तीन-तीन), म्हणजे साठ लाख. त्या काळचा सर्वांत वेगवान संगणक, सीडीसी ६६००, एका वेळी सुमारे १.३ लाख आकडे स्मृतीत ठेवू शके. त्यामुळे चलती राहिली ती हॅरिंग्टन यांनी रुळवलेल्या ‘मोमेंट’ पद्धतीची. तिच्यात धातूचा फक्त पृष्ठभाग किंवा तार तुकड्यांत कापली की भागतं. मात्र तुकडे दुप्पट केले की आकड्यांचा तक्ता चौपट होतो. या पद्धतीसाठी त्रिकोणी तुकड्यांवरची राव, विल्टन आणि ग्लिसन यांची १९८२ची रचना अजून वापरात आहे.

यींच्या जाळीला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते मानवी डोळा. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मायक्रोवेव्हने चढलेली उष्णता वाहून जायला वाट नाही आणि मोतीबिंदूची भीती. ती उष्णता नेमकी कुठे साठते हे ॲलन टॅफ्लोव्ह आणि मॉरिस ब्रॉडविन यांनी १९७५ मध्ये याच जाळीवर काढलं. जाता जाता त्यांनी यींची एक चूकही दुरुस्त केली: काळाचं पाऊल किती लहान हवं ही मूळ निबंधातली अट बरोबर नव्हती. आपल्याला तर याचंच नवल वाटतं, पायाभूत म्हणून गौरवलेल्या निबंधातली मुख्य अटच चुकलेली! एक मिलिमीटरच्या घनाला हे पाऊल दोन पिकोसेकंदांच्याही (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आत ठेवावं लागतं. जरा मोठं घेतलं की आकडे पाहता पाहता फुगत जातात.

राहिली होती जाळीची कड. तिथे लहर आपटून परत फिरे आणि सगळं उत्तर नासे. १९८१ मध्ये मूर यांनी बराच उपाय केला. पण कडेला कोणत्याही कोनातून आलेली लहर गिळून टाकणारा कृत्रिम थर बेरँजे यांनी सुचवला तो १९९४ मध्ये, यींच्या निबंधानंतर अठ्ठावीस वर्षांनी.