पार्टीने पेमेंट अडकवलंय? फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज कसा करायचा

बिल देऊन चार महिने झाले तरी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" नाहीतर "पुढच्या आठवड्यात नक्की", हे धंदा करणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. पण २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) अशा उशिरावर चक्क व्याज लागतं हे फार जणांना माहिती नसतं, आणि तेही आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट समजा ६ टक्के असेल तर १८ टक्के. अडकलेले पैसे आणि हे व्याज मागायला याच कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो.

आधी मुदत बघा. लेखी करार असेल तर त्यातली तारीख, पण जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) ९० दिवसांचं क्रेडिट लिहून घेतलं असलं तरी ४५ च्या पुढे ते चालत नाही. मोजायचं माल स्वीकारल्यापासून. माल पोचल्यावर १५ दिवसांत समोरच्याने लेखी तक्रार केली नाही तर डिलिव्हरीचा दिवसच स्वीकारल्याचा दिवस धरतात, म्हणून डिलिव्हरी चलनावर सही, शिक्का आणि तारीख तिन्ही पाहिजेत. गेटवरच्या माणसाची नुसती सही, खाली तारीख नाही, असं चलन असेल तर समोरचा वकील तिथेच वाद काढतो.

अर्ज फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगाला करता येतो, मध्यम उद्योगाला नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे. सर्व्हिस देणारेही चालतात. नुसती ट्रेडिंग करणाऱ्यांना उद्यम नंबर (एमएसएमईच्या सरकारी नोंदणीचा नंबर) मिळतो खरा पण तो बँकेच्या कर्जापुरता, या तरतुदीचा फायदा त्यांना नाही. उद्यम रजिस्ट्रेशन आधार आणि पॅनवर फुकटात होतं, एजंटला पैसे देऊ नका. आणि ते माल पाठवायच्या आधीच करून ठेवा, नंतर केलं तर जुन्या बिलांवर हमखास हरकत येते.

कागद म्हणजे उद्यम सर्टिफिकेट, पीओ किंवा वर्क ऑर्डर, टॅक्स इन्व्हॉइस, चलन, ई-वे बिल असेल तर ते, पार्टीचं लेजर, बँक स्टेटमेंट, रिमाइंडरचे ईमेल आणि बिलवार व्याजाचा तक्ता. पीओ फोनवरच झाली असेल तर निदान व्हॉट्सअॅप किंवा मेलवरचं कन्फर्मेशन काढून ठेवा. मधे आलेले अर्धवट पैसे कुठल्या बिलात जमा धरले ते लेजरमध्ये स्पष्ट दिसू दे, नाहीतर व्याजाचा सगळा हिशोबच बोंबलतो.

अर्ज ऑनलाइन. २०१७ पासून समाधान पोर्टल होतं, जून २०२५ मध्ये केंद्राने ओडीआर (ऑनलाइन वाद सोडवायचं) पोर्टल आणलं. तुमचा उद्यम नंबर, खरेदीदाराचा पत्ता, पॅन, ईमेल, बिलांचा तपशील तयार ठेवा. खरेदीदार देशात कुठेही असू दे, केस तुमचा उद्योग जिथे आहे तिथल्या कौन्सिलकडे चालते, हा मोठा दिलासा आहे. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. कायद्यात निकालाला ९० दिवस दिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरूनच चाला. जुनं बिल असेल तर तीन वर्षं उलटायच्या आत अर्ज टाका. निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, त्यामुळे नुसतं लांबवायचं म्हणून अपील करणारे बरेचसे गळतात.

माझ्या मते अर्जाच्या आधी एक मेल त्यांच्या अकाउंट्सला टाकून बघाच, की आम्ही उद्यमवाले आहोत, ही बिलं मुदतीबाहेर गेलीत, आणि आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) मुदतीनंतर दिलेला खर्च तुम्हाला पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळेल. मार्चच्या सुरुवातीला हा मेल गेला तर त्यांचा सीएच मागे लागतो. आणि समेटात व्याज थोडं सोडायचं ठरलं तरी केस मागे घ्यायच्या कागदावर सही करायची ती पैसे खात्यात जमा झाल्यावरच, पुढच्या तारखेच्या चेकवर नाही.