खारपाणपट्टा: चुनखडीच्या रानात उपाशी मुळी

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याला खारपाणपट्टा हे नाव विहिरींच्या खाऱ्या पाण्यावरून पडले. त्या नावाने निदानाची दिशाच चुकवली. इथली बरीच जमीन कालव्याच्या पाण्याने बिघडलेली नाही. ती कोरडवाहू राहूनच चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट आणि निचरा न होणारी, होत गेली. निमकोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपात साकळते आणि चिकणमातीच्या कणांवरची त्याची जागा सोडियम घेतो. नीरा नदीकाठी कालव्यांखाली झालेली क्षारपड वेगळी: तिथे पाणी तुंबून क्षार वर आले.

खारवट, चोपण, क्षारपड, चिबड हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांना आकडे चिकटले १९५४ च्या अमेरिकन हस्तपुस्तिकेतून: संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता मीटरमागे ४ डेसिसायमनपेक्षा जास्त म्हणजे क्षारयुक्त, विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या, बदलता येणाऱ्या क्षारघटकांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांपेक्षा जास्त म्हणजे चोपण. आपल्याकडे ही सीमा जशीच्या तशी उचलली गेली आणि ती काळ्या मातीला लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाने ६ टक्के धरले. फुगणाऱ्या काळ्या मातीत ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरणे मंदावते, वाफसा (मशागतीजोगा ओलावा) येत नाही. तरी कागदावर जमीन 'चांगली'. दुसरा घोळ अर्काचा. माती परीक्षणात बहुधा १:२.५ प्रमाणाचा पातळ अर्क वापरतात, म्हणून त्यातला १.२ हा आकडा ४ च्या सीमेशी ताडला की धोका लपतो.

मुळीच्या बाजूने हा प्रश्न उशिरा उलगडला. १९४४ मध्ये बार्लीच्या तोडलेल्या मुळांवर दिसले की द्रावणात कॅल्शियम असेल तर पोटॅश जास्त शोषले जाते. १९६९ मध्ये घेवड्यावर स्पष्ट झाले: ५० मिलिमोल मीठ आठवडाभर असूनही, कॅल्शियम १ मिलिमोल किंवा जास्त असेल तर झाड सावरते, कारण सोडियम पानांपर्यंत फारसा जात नाही. १९८५ मध्ये कपाशीच्या मुळांत कारणही सापडले: सोडियम पेशीच्या पटलावरचे कॅल्शियम हुसकावतो, पटल गळके होते आणि आतला पोटॅश बाहेर झिरपतो. अशा वेळी नुसता पोटॅश ओतून भागत नाही. १९९८ पासून मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा झाडात कॅल्शियमचा संकेत ओळखून सोडियम बाहेर फेकणारी यंत्रणा उलगडत गेली.

आता चुनखडीचा पेच. 'रानात चुनखडी एवढी, मग जिप्सम कशाला?' हा प्रश्न अजून विचारला जातो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट; त्यातले कॅल्शियम कणांवरचा सोडियम हटवते. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात चुनखडीतून लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिमोल कॅल्शियम सुटते. जिप्सममधून सुमारे १४. सामू (pH) ८.५ च्या वर गेला की चुनखडी आणखी कमी विरघळते. धैंचा हे हिरवळीचे पीक गाडल्याने गुण येतो तो यामुळेही: कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवतो. गंधकही तेच काम आम्ल तयार करून करते. १ किलो गंधक सुमारे ५.४ किलो जिप्समच्या बरोबरीचे, पण जिवाणूंना महिने लागतात.

मात्रा अंदाजाने टाकू नये. १०० ग्रॅम मातीतून १ मिलिइक्विव्हॅलंट (सुमारे २३ मिलिग्रॅम) सोडियम हटवायला १५ सेंमी थरासाठी हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते. ७० टक्के शुद्धतेचे असेल तर पावणेतीन टन. ते मातीत मिसळून पाणी द्यायचे. निचरा नसेल तर सुटलेले सोडियम सल्फेट तिथेच राहते आणि चोपण जमीन शिवाय खारवटही होते. जिप्सम फसल्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा निचऱ्याचा चरच काढलेला नसतो.

घरी तपासायचे तर वाळलेले ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. काही तासांत भोवती दुधाळ ढग पसरला तर माती चोपण. बोअरचे पाणी घेऊ नये. त्यातले क्षार कणांना धरून ठेवतात आणि ढग दिसत नाही.