कावळा चेहरा विसरत नाही, पण ही आठवण आली कुठून?

परळला आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या मे महिन्यात एका काकांनी एसीच्या युनिटवरचं कावळ्याचं घरटं काठीने पाडलं, आणि त्या दिवसापासून ते गेटबाहेर पडले की दोन कावळे थेट डोक्यावर झेप घ्यायचे, बाजूने वॉचमन गेला, पोरं गेली, कोणाला काही नाही, फक्त काकाच. शेवटी भर उन्हात छत्री उघडून स्टेशनला जायला लागले.

हे नुसतं आपल्याला वाटतं असं नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून 7 कावळे पकडले, पट्ट्या लावून सोडून दिले, आणि नंतर तो मुखवटा दिसला की वर्षानुवर्षं कावळे गोंगाट करायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा.

मग वाटतं की एवढी आठवण म्हणजे मोठा मेंदूच हवा. पण तसं नाहीये, सुरुवात फार साधी आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाय घेतली, जिच्यात जेमतेम 20 हजार चेतापेशी असतात. शेपटीला शॉक दिला की नंतर हलका स्पर्श झाला तरी ती कल्ला (श्वास घ्यायचा अवयव) जोरात आत ओढते. एखादाच शॉक दिला तर थोड्या वेळात विसरते, पण चार दिवस परत परत दिला तर आठवडे लक्षात ठेवते, कारण दोन पेशींमधला जोड घट्ट होतो आणि नवीन जोडसुद्धा तयार होतात. याबद्दल त्यांना 2000 चं नोबेल मिळालं.

तिकडे अमेरिकेतच जीवशास्त्रज्ञ सिमोर बेंझर यांच्या लॅबमध्ये 1974 ला फळमाशीला ठराविक वास आला की शॉक, असं शिकवलं आणि माशी तो वास टाळायला लागली. पुढे न शिकणारी एक माशी सापडली, तिच्यात बिघडलं होतं ते सायक्लिक एएमपीचं, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या एका छोट्या रेणूचं काम, आणि गोगलगायीच्या आठवणीत पण तोच रेणू! माशी, गोगलगाय आणि आपण, सगळ्यांचा पूर्वज एकच, तो 50 कोटी वर्षांहून जुना, म्हणजे ही केमिस्ट्री बहुतेक तेव्हापासूनचीच.

आणि यातलं एक पान आपल्या कुलाब्याचं आहे, हे मुंबईत फार कोणाला माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. होमी भाभांनी बोलावलेल्या जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींनी 1962 मध्ये टीआयएफआरला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं जीवशास्त्र, सुरू केली, बेंझर यांच्याबरोबर माश्यांवर काम केलं आणि मग इथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत वास नीट न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या. माशीला वासावरून शिकवायचं, तर तिला वास कसा कळतो हे आधी समजायला हवं.

पुढे ज्याची जशी गरज तशी आठवण वाढली. जे पक्षी दाणे लपवून ठेवतात त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, तुलनेने मोठा असतो. कावळ्याच्याच कुळातला नटक्रॅकर हजारो बिया पुरतो आणि महिन्यांनी बर्फाखालून काढतो. त्याच कुळातल्या स्क्रब जे नावाच्या पक्ष्यावर संशोधक निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी 1998 मध्ये दाखवलं की लपवून बरेच दिवस झाले असतील तर तो आवडत्या अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे जातो, कारण अळ्या तोवर सडलेल्या असणार. म्हणजे काय, कुठे आणि कधी लपवलं, तिन्ही लक्षात!

यंदा घरटं समोरच्या बदामावर आहे. काका खाली उतरले की ओरडणारे कावळे आता दोनाचे पाच झालेत.