मॉरिशसचा पोपट आणि मॉरिशसमधला पोपट

मॉरिशसला फिरून आलेल्या कुणाचाही फोन घ्या आणि फोटो बघत जा. सिंह, जिराफ, झेब्रा, मगर, ते प्रचंड कासव ज्याच्या शेजारी सगळे उकिडवे बसून फोटो काढतात, गंगा तलाव या तिथल्या हिंदू तीर्थावर हातातलं केळं पळवणारं माकड, आणि हॉटेलच्या झाडावर बसलेला हिरवागार पोपट. आता यातलं मूळचं मॉरिशसचं कोण? कुणीच नाही. अक्षरशः एकही नाही. सिंह-जिराफ बाहेरून आणलेत हे शाळकरी पोराला पण कळतं, तिथे फसायला होत नाही. फसायला होतं ते कासव आणि पोपटाच्या बाबतीत, कारण ते दोघं बेटावर इतके शोभून दिसतात की हे इथलेच असं आपण धरूनच चालतो.

आधी थोडं बेटाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मॉरिशस म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, वय साधारण 80 लाख वर्षं, सगळ्यात जवळची मोठी जमीन म्हणजे मादागास्कर आणि ती पण 900 किलोमीटरवर. कुठल्याच खंडाला हे बेट कधी चिकटलेलं नव्हतं. म्हणजे चालत इथे कुणी आलंच नाही, जे उडत आलं किंवा लाटांवर तरंगत आलं तेच टिकलं. त्यामुळे जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळं, बस. ना मांजर, ना उंदीर, ना माकड. शिकारीच नाही म्हटल्यावर डोडोसारखा पक्षी उडणं सोडून देतो आणि कासवं चांगली ऐसपैस वाढतात. मग 1598 ला डच उतरले, 1638 पासून वस्ती करायला लागले आणि पुढच्या काही दशकांत डोडो संपला. जहाजांमधून उंदीर, डुकरं, माकडं आली. 1639 ला जावाहून हरणं आणली, तीच हरणं आज तिथल्या हॉटेलात मटण म्हणून खातात.

आता आपल्यासाठी गंमत अशी की या बाहेरून आलेल्यांच्या यादीत अर्धी आपली गल्लीच आहे हो. साळुंकी 1762 मध्ये भारतातून नेली, टोळ खायला. मुंगूस 1900 च्या सुमारास नेलं, उंदीर मारायला (उंदरांबरोबर त्याने बाकी काय काय मारलं ते विचारू नका). शिपाई बुलबुल, कुंपणावरचा सरडा, चिचुंद्री, ससा, आणि पोर्ट लुईच्या बंदरावर कावळा सुद्धा, तो बहुतेक जहाजावर बसून फुकट आलेला. म्हणजे पुण्या-मुंबईचा माणूस तिथे सकाळी बाल्कनीत उभा राहिला तर आवाज सगळे ओळखीचे. आणि त्या गर्दीतच आपला पोपट.

तर पोपट. मॉरिशसमध्ये हिरवे पोपट दोन. एक आपला नेहमीचा कंठवाला, ज्याला आपण कीर किंवा राघू म्हणतो, तो पिंजऱ्यातून सुटून 19 व्या शतकाच्या शेवटी तिथे पसरला. दुसरा इको पॅराकीट, क्रिओल भाषेत कातो वेर, जो जगात फक्त मॉरिशसमध्ये आहे. दोघं भाऊबंदच, इकोचे पूर्वज पण कधीतरी फार पूर्वी आशियाच्या बाजूनेच उडत आलेले. लांबून बघितलं तर नव्याण्णव टक्के लोक गोंधळतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, उन्हात सगळं हिरवं सारखंच दिसतं. इको जरा गडद, पाचूसारखा हिरवा असतो हे खरं पण दोघं शेजारी बसल्याशिवाय ते कळत नाही आणि शेजारी ते बसत नाहीत. चोच बघा. आपल्या राघूमध्ये नर असो मादी असो, वरची चोच लालच. इकोमध्ये नराची वरची चोच लाल आणि मादीची चोच पूर्ण काळी. म्हणजे काळ्या चोचीचा मोठा पोपट दिसला की विषय संपला, ती इकोची मादी. नर असेल तर मग अंगाचा बांधा बघायचा, इको आखूड शेपटीचा, रुंद गोल पंखांचा, जरा गुबगुबीत, आणि आपला राघू सडपातळ, शेपूट लांबलचक सुईसारखी. उडताना तर फरक लगेच जाणवतो, राघू बाणासारखा सरळ कर्कश ओरडत जातो, इकोचा आवाज खालच्या पट्टीतला, नाकातून काढल्यासारखा. आणि जागा! ऊस, गाव, हॉटेल, बाग, मक्याचं शेत इथे दिसला तर जवळजवळ खात्रीने राघू. इको जंगल सोडून फारसा येत नाही, त्याला तिथल्याच झाडांची फळं, पानं, फुलं लागतात.

आणि इथेच त्याची गोची झाली. मॉरिशसचं चांगलं मूळ जंगल आज 2 टक्के पण शिल्लक नाही, बाकीचं उसात आणि चहात गेलं, उरलेल्यात पेरू वगैरे बाहेरची झाडं घुसली. जुनी झाडं गेली म्हणजे ढोल्या गेल्या, आणि ज्या उरल्या त्यात राघू आणि साळुंकी आधीच जाऊन बसलेले. 1980 च्या दशकात इको जेमतेम 8 ते 12 उरले होते. आकडा परत वाचा, आठ ते बारा, अख्ख्या जगात! कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला पक्षीतज्ज्ञ 1979 ला तिथे गेला, तो आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन (ही 1984 ची) आणि तिथलं सरकार यांनी मिळून लाकडी घरटी टांगली, वरचं खाणं दिलं, अशक्त पिल्लं घरट्यातून काढून हाताने वाढवली. मग मध्येच चोच आणि पिसं खराब करणाऱ्या विषाणूची साथ आली, हा विषाणू राघूंमध्येही फिरत असतो. तरीही आज जंगलात 700 च्या वर इको आहेत. 2007 मध्ये आणि परत 2019 मध्ये धोक्याच्या यादीत त्यांची पायरी सुधारली. असं फार कमी पक्ष्यांच्या नशिबात येतं.

अशाच अजून दोन जोड्या आहेत, पटकन सांगते. बुलबुल: डोक्यावर टोकदार शेंडी, गालावर लाल ठिपका म्हणजे आपला शिपाई, 1892 ला आलेला पाहुणा; राखाडी, मोठा, चोच केशरी, जंगलात लपलेला म्हणजे मॉरिशसचा स्वतःचा. आणि फोडी नावाची चिमणीएवढी लाल पाखरं: नर सगळाच लालभडक आणि डोळ्याजवळ काळी पट्टी असेल तर मादागास्करचा, तो तुमच्या नाश्त्याच्या टेबलावर ब्रेडचे तुकडे खायला येतो. लाल फक्त डोकं आणि छाती, बाकी अंग तपकिरी, तो मॉरिशसचा, आणि तो टेबलावर येत नाही. माकडाचं म्हणाल तर गंगा तलावावरचं माकड बघून आपले लोक हात जोडतात, पण ते आपल्याकडचं नव्हे, आग्नेय आशियातलं लांब शेपटीचं माकड आहे, आणि मॉरिशसच्याच दुर्मिळ गुलाबी कबुतरांची अंडी-पिल्लं खाण्यात एक नंबर. केळी देऊ नका एवढंच सांगेन.

आता कासव, आणि इथे सगळा हिशोब उलटा होतो.

दक्षिणेला ला व्हॅनिल पार्कमध्ये गेलात तर शेकडो राक्षसी कासवं मोकळी फिरताना दिसतील. हे पार्क 1985 ला मगरींसाठी सुरू झालं, त्या मगरी पण नाईल मगरी, मॉरिशसच्या नाहीत. पॅम्प्लमूसच्या बागेत पण कासवांचं कुंपण आहेच. ही सगळी आल्डाब्रा कासवं, म्हणजे सेशेल्समधल्या आल्डाब्रा नावाच्या प्रवाळ बेटावरची, जिथे आजही त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. मॉरिशसची स्वतःची दोन जातींची राक्षसी कासवं होती, ती गेली. खलाशांना ती म्हणजे चालतं-फिरतं मटण, महिनोन्महिने खाऊपिऊ न घालता जहाजात जिवंत राहायची, वर तेल मिळायचं. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरून तर फ्रेंचांनी जहाजं भरभरून कासवं मॉरिशसला आणली, खायला. दोन्हीकडची संपली.

दोघांमध्ये फरक काय होता? आल्डाब्राचं कवच जाड, घुमटासारखं. मॉरिशसच्या कासवांचं कवच पातळ होतं, हाडांवरून तसं दिसतं, कारण लाखो वर्षं त्यांना चावणारं कुणी नव्हतंच तर चिलखत कशाला बाळगायचं. आणि नात्याने दोघं फार फार लांबचे. म्हणजे पोपटांसारखी ही भावंडं नव्हेत, दिसायला सारखी एवढंच. कंठवाला राघू इकोचा जवळचा नातेवाईक असून त्याची घरटी बळकावतो, आणि आल्डाब्रा कासव परकं असून गेलेल्याचं काम करतं. कसं ते बघा.

माहेबुर्गच्या समोर समुद्रात इल-ओ-झेग्रेत नावाचं 26 हेक्टरचं बेट आहे, 1965 पासून राखीव. तिथे आबनुसाची एक जात आहे, आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातली. जुन्या काळी जळणासाठी तिची बेसुमार तोड झाली. तोड थांबली तरी झाडं परत पसरेनात. फळं झाडाखालीच पडायची, तिथेच गर्दीने उगवायची, पुढे जायचीच नाहीत, कारण ती खाऊन लांब जाऊन बी टाकणारं कासवच उरलं नव्हतं. मग 2000 साली तिथे आल्डाब्रा कासवं सोडली. ती फळं खातात, हळूहळू चालत जातात, बेटाच्या दुसऱ्या टोकाला लीद टाकतात आणि त्यातून रोपं येतात. पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं असंही दिसलं. वर सुबाभळीसारख्या घुसखोर झाडांची पालवी खातात ते वेगळंच. 2007 पासून राऊंड आयलंडवर पण हाच प्रयोग चालू आहे.

यावर एक शंका येते आणि ती रास्त आहे, की मुंगूस पण असंच 'काम करायला' आणलं होतं ना? साळुंकी पण? मग कासव सोडणं शहाणपण आणि मुंगूस सोडणं मूर्खपणा हे कसं काय? मला वाटतं उत्तर अगदी साधं आहे. कासवांना अडवायला गुडघाभर भिंत पुरते, पिल्लं वाढायला वर्षं लागतात, आणि बेत फसला तर माणसं जाऊन एकेक उचलून परत आणू शकतात. मुंगूस परत आणता येत नाही, पोपट तर नाहीच नाही. शिवाय कासवाची जागा तिथे आधी होती आणि रिकामी होती, मुंगसाची जागा तिथे कधीच नव्हती.

आल्डाब्रा कासवं वाचली ती पण मॉरिशसमुळे थोडीफार. 1874 ला डार्विन आणि अजून काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की आल्डाब्राच्या कासवांना वाचवा, नाहीतर ही पण जातील. तेव्हा आल्डाब्राचा कारभार मॉरिशसकडे होता. आणि सेशेल्सहून 1766 ला आणलेलं एक कासव पोर्ट लुईमध्ये 1918 पर्यंत जगलं, म्हणजे फ्रेंच राज्यात आलं आणि इंग्रजी राज्यात गेलं, मधलं सगळं बघून.

मग प्राणीसंग्रहालयात जायचं की नाही? जा की. पोरं बरोबर असतील तर कासेलाला जाच, 1979 ला पक्ष्यांचं पार्क म्हणून सुरू झालेलं, आता तिथे सिंह, चित्ता, गेंडा, जिराफ सगळं आहे. ते कास्काव्हेल गावाजवळ आहे, आणि मॉरिशसच्या मराठी लोकांचा 1896 चा पहिला गणपती याच गावात बसला असं सांगतात, तर तेवढं पण बघून या. कासेलाला गुलाबी कबुतरं पण ठेवलेली आहेत, बहुतेक लोक सिंहाच्या नादात त्यांच्यासमोरून निघून जातात. हे कबूतर 1991 मध्ये जंगलात 10 च्या आसपास उरलं होतं. जेराल्ड ड्युरेल हा इंग्रज लेखक आणि प्राणीतज्ज्ञ 1976 ला मॉरिशसला आला, काही कबुतरं इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणीसंग्रहालयात नेली, आणि तिथे आणि मॉरिशसमधल्याच ब्लॅक रिव्हरच्या पक्षीगृहांत त्यांची पिल्लं होत गेली. अंडी उबवायला चक्क पाळीव परदेशी होले वापरले, कारण गुलाबी कबुतरं पिंजऱ्यात पालक म्हणून अगदीच निष्काळजी.

फरक एवढाच लक्षात ठेवा की पार्कातला पिंजरा आपल्याला बघायला असतो आणि ब्लॅक रिव्हरचा पिंजरा पक्ष्याला परत सोडायला असतो. दुसऱ्या ठिकाणी सेल्फी पॉइंट नाही.

इको बघायचाच असेल तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, पेट्रिनच्या बाजूला. मॉरिशसची खरुची, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, जी 1974 मध्ये जंगलात फक्त 4 उरली होती आणि आता राष्ट्रीय पक्षी आहे, ती पण याच डोंगरांत. इल-ओ-झेग्रेतला बोटीने जाता येतं, फाउंडेशनचा गाइड बरोबर असतो, कासवं आणि गुलाबी कबुतरं दोन्ही तिथे मोकळी दिसतात आणि मॉरिशसची ती खरी फोडी पण. टोपी आणि पाणी न्या, डास भरपूर आहेत, आणि कासवाच्या पाठीवर पोरांना बसवू नका.