‘आभासी’ मैत्रीची पार्श्वभूमी : आवडीनिवडी, वैताग आणि एक चुकलेला शब्द

आवडत्या मालिकेचा कालचा भाग आणि आज सकाळी वीस मिनिटे उशिरा आलेली लोकल हे दोन विषय एकाच दमात, एकाच व्यक्तीशी बोलायचे आणि ती व्यक्ती मात्र शेजारच्या बाकावर नसून फोनच्या पडद्यापलीकडे असायची, ही मुंबईत आता नित्याची गोष्ट झाली आहे. या सवयीची चर्चा बहुधा स्मार्टफोनपासून सुरू होते आणि एकटेपणाच्या निदानापाशी संपते. त्यामुळे तिच्या आधीचा काळ झाकला जातो. शिवाय न पाहिलेल्या माणसाशी ओळख व्हायला सिनेमा, गाणे किंवा पुस्तक कारणी लागते आणि ती ओळख टिकते ती रोजच्या कटकटींच्या देवाणघेवाणीवर, ही या इतिहासातील सर्वांत सातत्याने दिसणारी बाबही नजरेआड होते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनच्या केंद्राकडे वळले; १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर त्यांतले बरेच परतले. फर्माइशींच्या पत्रांमुळे दूरदूरच्या गावांतील श्रोत्यांना एकमेकांची नावे कानाने ओळखीची झाली. नियतकालिकांतील पत्रमैत्रीच्या सदरांत नाव, वय आणि छंद छापून येत असत, आणि छंदांत ‘चित्रपट पाहणे’ व ‘तिकिटे जमवणे’ यांना मोठा मान होता. पत्रव्यवहार टिकला तर तिसऱ्या-चौथ्या पत्रात परीक्षेचा निकाल, वडिलांची बदली, नळाचे पाणी असे विषय येत. कित्येक पत्रमित्र आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. तरीही त्यांच्या मैत्रीला कोणी खोटी म्हटले नाही, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे लागेल.

मुंबईपुरता एक धागा यात अधिक मिळवावा लागतो, तो लोकलच्या डब्याचा. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील चाळींचे कट्टे हळूहळू विरळ झाले. कुटुंबे डोंबिवली, कल्याण, वसई, विरारकडे सरकली आणि रोजचे दोन-तीन तास प्रवासात जाऊ लागले. कट्ट्याची जागा डब्याने घेतली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल धावली. भाजी निवडत, चौथ्या सीटवर सरकून बसत, आदल्या रात्रीच्या मालिकेविषयी आणि कार्यालयातील वरिष्ठांविषयी एकाच सुरात बोलण्याची रीत महिलांच्या डब्यांतून पक्की झालेली होती. पुढे जे पडद्यावर घडले त्याचा ढाचा येथे तयार होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निदान मुंबईकरांच्या ऑनलाइन बोलण्यातील तिरकसपणा डब्यातूनच आला असावा.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि मुंबई पहिल्या शहरांपैकी होती. चित्रांसह पाने दाखविणारी जोडणी वैयक्तिक ग्राहकाला वर्षाकाठी २५० तासांसाठी १५,००० रुपयांना पडे. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत जे खाते मिळे त्यात काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. त्या तुटपुंज्या अक्षरांवरच पहिल्या पिढीने मैत्री जोडली. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली, दर उतरले आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. घरी जोडणी असली तरी ती टेलिफोनच्याच तारेवरून चालत असल्यामुळे नेट सुरू असेपर्यंत फोन बंद राही, आणि फोन बहुतेक घरांत बाहेरच्या खोलीत, सर्वांच्या देखत ठेवलेला असे. एका खोलीत पाच-सहा माणसे राहणाऱ्या शहरात प्लायवूडच्या पार्टिशनमागची कॅफेतील खुर्ची हीच अनेक तरुणांची पहिली एकांताची जागा ठरली. तेथील चॅटमध्ये पहिला प्रश्न वय, लिंग आणि ठिकाण यांचा असे. दुसरा प्रश्न आवडता नट किंवा आवडते गाणे कोणते, हा. दुसऱ्याचे उत्तर जुळले तरच तिसरा प्रश्न येई, आणि तो सहसा ‘काय चाललंय’ असा असे, ज्याचे उत्तर म्हणजे बहुधा तक्रारच.

मराठीत मात्र लिहिता येत नव्हते. देवनागरीचे निरनिराळे फॉन्ट एकमेकांशी जुळत नसत. एकाने पाठविलेले पत्र दुसऱ्याच्या संगणकावर चौकोनांच्या रांगेत उघडे, म्हणून रोमन अक्षरांतील मराठी रूढ झाले. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांसाठीच्या एकसमान अक्षरसंकेतांत, देवनागरी १९९१पासून असली तरी घरगुती संगणकांवर ती सहजपणे उमटू लागली ती २०००नंतरच्या दशकात. त्याच काळात मराठी संकेतस्थळांवर मुंबई-पुण्यातील नोकरदार, परदेशी गेलेले अभियंते आणि घरी असलेल्या गृहिणी एकत्र लिहू लागल्या व त्यांची एक स्वतंत्र बोली घडली. ‘लाइटली घ्या’ या विनंतीतील लाइटचा दिवा होऊन ‘दिवा घ्या’ झाले. ‘हसून हसून पुरेवाट’ची ‘ह.ह.पु.वा.’ झाली, गेट-टुगेदरचे ‘गटग’ झाले. पावसाळ्यातील एकत्र सहलीला अर्थातच भेळेपासून बसच्या भाड्यापर्यंत सर्व विषयांवर आधी पन्नास प्रतिसादांचा वाद होई. टोपणनावाने वर्षभर चित्रपटांवर भांडलेली माणसे दादर स्थानकाबाहेर भेटत आणि एकमेकांना टोपणनावानेच हाक मारत.

याच काळात, आणि अशा भेटी सर्रास होत असतानाच, या नात्याला ‘आभासी’ हे विशेषण चिकटले. आज वृत्तपत्रांत, शालेय निबंधांत आणि समुपदेशकांच्या लेखांत ते बिनदिक्कत वापरले जाते, म्हणून त्याची उलटतपासणी थोड्या विस्ताराने करणे भाग आहे.

मूळ इंग्रजी शब्द ‘व्हर्च्युअल’. नावाने किंवा रूपाने नसले तरी परिणामाने तसेच असलेले, हा त्याचा जुना अर्थ. एखादा अधिकारी नावाने प्रमुख नसेल, पण सर्व निर्णय तोच घेत असेल, तर त्याच्यासाठी हे विशेषण वापरता येते. म्हणजे शब्दाचा भर ‘आहेच’ यावर आहे. मराठीत तो आला तो भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या वाटेने. आरशातील प्रतिमेला आपल्याकडे शाळेत ‘आभासी प्रतिमा’ म्हणतात आणि तिच्या जोडीला ‘वास्तव प्रतिमा’ असते. प्रकाशकिरण जेथून आल्यासारखे वाटतात तेथून ते खरोखर आलेले नसतात, म्हणून ती आभासी. प्रकाशशास्त्रात ही संज्ञा अचूक आहे. संगणकाच्या संदर्भात ‘व्हर्च्युअल’ला प्रतिशब्द शोधताना हाताशी असलेला हाच शब्द उचलला गेला, आणि ‘वास्तव’ हा त्याचा जोडीदार न बोलावता सोबत आला. ‘आभासी मित्र’ म्हणताच इतर मित्र आपोआप वास्तव ठरले आणि हे अवास्तव.

यातील विनोद दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल असा आहे. आभासी प्रतिमेचा पाठ्यपुस्तकातील मुख्य गुणधर्म असा की ती पडद्यावर घेता येत नाही. ज्या मित्राची गाठ केवळ पडद्यावरच पडते, त्याला नेमके हेच विशेषण लावले गेले.

संस्कृत परंपरेतून पाहिले तर शब्द अधिकच कठोर होतो. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा, म्हणजे तर्कातील कारणासारखा, दिसणारा, पण हेतू नसलेला. रसाभासात रस अस्थानी असतो, विरोधाभासात विरोध वरवरचा असतो. आभास जेथे जेथे येतो तेथे ‘दिसते, पण तसे नाही’ असा निवाडा आधीच देऊन टाकतो. ‘व्हर्च्युअल’चा अर्थ ‘दिसत नाही, पण तसेच आहे’ याच्या जवळ जाणारा असताना भाषांतरात तो उलटला. पर्याय नव्हते असेही नाही. इंटरनेटसाठी ‘आंतरजाल’ की ‘अंतर्जाल’ की ‘महाजाल’ यावर शुद्धलेखनप्रेमींनी पुष्कळ शाई, किंवा तिच्या जागी जे काही असेल ते, खर्च केली. त्यांतून ‘जालमित्र’ हा साधा, कोणताही निवाडा न देणारा शब्द सहज रूढ होऊ शकला असता. तो काही काळ संकेतस्थळांवर वापरातही होता. पण वृत्तपत्रांनी ‘आभासी’ उचलला. तो वाचताना भारदस्त वाटतो आणि काळजीचा सूर लावायला सोयीचा आहे. पत्रमित्राला माध्यमाचे नाव मिळाले होते, तर जालमित्राला त्याच्या खरेपणाविषयीची शंकाच नाव म्हणून मिळाली.

‘मित्र’ या अर्ध्या भागाचाही गुंता आहे. ओळखीचा, स्नेही, दोस्त, जिवलग अशा मराठीतील पायऱ्या २००४ साली आलेल्या ऑर्कुट या समाजमाध्यमाने एका ‘फ्रेंड’मध्ये सपाट केल्या. हे माध्यम भारतात व ब्राझीलमध्ये विशेष फोफावले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावर दोन गोष्टी ठळक होत्या. एकमेकांना लिहिलेले ‘स्क्रॅप’ बराच काळ कोणालाही वाचता येत, म्हणजे बोलणे डब्यातल्यासारखेच चारचौघांच्या कानावर पडणारे होते. दुसरे असे की सदस्याच्या पानावर त्याचे समूह ओळीने दिसत, आणि आवडत्या नटाच्या समूहाखालीच सकाळी लवकर उठण्याचा तिटकारा असणाऱ्यांचा समूह असे. आवड आणि वैताग यांची एकत्रित यादी हाच माणसाचा परिचय, हे तेथे प्रथमच उघडपणे मांडले गेले. २००७ साली याच माध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या निमित्ताने मुंबई परिसरातील काही सायबर कॅफेंची मोडतोड झाली. मजकूर लिहिणारा कोठे होता याच्याशी त्या कॅफेंचा संबंध असण्याचे कारण नव्हते.

२६ जुलै २००५च्या पावसाचा उल्लेख येथे करावा लागतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि मोबाइल सेवा कोलमडली. त्यानंतरच्या दिवसांत, एरवी सिनेमाच्या गप्पा चालणाऱ्या ऑनलाइन जागांवर कोण घरी पोहोचले, कोणत्या रस्त्यावर पाणी आहे, याची विचारपूस सुरू झाली. ‘आभास’ म्हणविणाऱ्या ओळखी त्या वेळी शेजाऱ्यासारख्या उपयोगी पडल्या.

वैताग व्यक्त करण्याला कायद्याची धार लागली ती नंतर. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीने आलेले कलम ६६अ ऑक्टोबर २००९मध्ये लागू झाले. त्यात ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द होते, त्यांची व्याख्या मात्र नव्हती, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती. नोव्हेंबर २०१२मध्ये एका ज्येष्ठ राजकीय नेत्याच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार थांबले असता, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली आणि नातेवाइकाच्या रुग्णालयाची नासधूस झाली. प्रकरण पुढे बंद करण्यात आले. शहर ठप्प झाल्याविषयी मित्रमंडळींत बोललेले वाक्य आणि गुन्हा यांच्यातील अंतर किती कमी झाले होते, ते या प्रकरणातून दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात असल्याबद्दल न्यायालयाला २०२१ साली आश्चर्य व्यक्त करावे लागले.

परिणाम असा झाला की बोलणे बंद दारांआड गेले. व्हॉट्सअ‍ॅपचा गट १०० जणांवरून २०१६च्या आरंभी २५६ आणि २०२२पर्यंत १,०२४ जणांचा झाला. २०१६च्या सप्टेंबरपासून डेटाचे दर कोसळले. कुटुंबाच्या गटात सुप्रभात आणि देवाचे छायाचित्र, सोसायटीच्या गटात पार्किंग, आणि चार-सहा जणांच्या तिसऱ्याच एका गटात मालिका व मनातले, अशी वाटणी झाली. गटप्रमुखाला सदस्याच्या मजकुरासाठी केवळ त्या पदामुळे जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले, तेव्हा असंख्य अ‍ॅडमिनांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. मालिकेचा शेवट आधी सांगून टाकणाऱ्याला, म्हणजे ‘स्पॉइलर’ देणाऱ्याला, मात्र कोणत्याही खंडपीठाचे संरक्षण नाही. त्याला गटातून काढले जाते.

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या प्रवाशांसाठी थांबल्या. जूनच्या मध्यावर त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागल्या, आणि सर्वसामान्यांना मर्यादित वेळांत प्रवेश मिळायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडले. या काळात डब्यातील मैत्रिणी फोनमधील गटांत राहिल्या. गाडीच्या वेळेवरून नाव ठेवलेल्या त्या गटांवर ठरावीक वेळी सर्वजणी येत, रात्री पाहिलेल्या मालिकेविषयी बोलत, घरून कामाच्या त्रासाविषयी बोलत. गाड्या पूर्ववत झाल्यावरही ते गट बंद झाले नाहीत. कोणता डबा, किती उशीर, जागा धरली का, हे आता तेथेच विचारले जाते आणि काही मिनिटांनी विचारणारी व सांगणारी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा मालिका मागील पानावरून पुढे चालू राहते, फक्त पडद्यावर.