पाऊस नसताना रस्त्यावर येणारे पाणी

आकाश निरभ्र आहे, आठवडाभर पावसाचा थेंब नाही, तरीही रस्त्याकडेच्या जाळीतून पाणी वर येत आहे, तेही खारट. दोन-तीन तास घोटाभर साचते आणि आपोआप ओसरते. समुद्र चढतो आहे याची पहिली खूण किनारी शहरांना बहुधा अशी गटारातून मिळते.

पर्जन्यजलवाहिन्यांतून पाणी वाहते ते उताराच्या जोरावर. सपाट किनाऱ्यावर हा उतार हजाराला एक, म्हणजे १,००० मीटरला १ मीटर मिळाला तरी पुष्कळ. वाहिनी जिथे समुद्रात किंवा खाडीत रिकामी होते, त्या पातमुखाची पातळी बांधकामाच्या वेळच्या भरतीवर बेतलेली असते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. ही वाढ जेमतेम वीतभर दिसते, पण हजाराला एक उताराच्या वाहिनीत वीतभर चढलेला समुद्र २०० मीटर आत शिरतो. वाढीचा वेगही बदलला आहे. १९७१ पूर्वीच्या सात दशकांत तो वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ झाला. १९७१ नंतरच्या वाढीपैकी निम्मी तर केवळ पाणी तापून फुगल्यामुळे झालेली आहे. बर्फ वितळण्याचा वाटा त्यानंतर येतो.

या पायावर बाकीचे थर चढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर उचलले जाते. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर तो आणखी पाणी रेटतो. हे सगळे पूर्वीही होतच होते, फक्त पाया खाली होता.

आता थोडे गणित, कारण राजकारण्यांना आणि बऱ्याचदा पत्रकारांनाही चकवते ते इथेच. सरासरी पातळी १० सेंटीमीटरने वाढली की ठरावीक उंचीच्या पुराची वारंवारता ढोबळमानाने तिप्पट होते. २० सेंटीमीटरला ती नऊपट आणि ३० सेंटीमीटरला सत्तावीसपट. म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी पाऊणएक हात वाढीनंतर दर चार वर्षांनी येऊ लागते. जिथे भरती-ओहोटीतला फरक आणि वादळी चढ-उतार मुळातच कमी असतात, तिथे हा गुणक याहून मोठा असतो. समुद्र अडवणारी भिंत तीच, वादळे तीच, तरी ‘शतकातला पूर’ हा शब्दप्रयोग निरर्थक होतो. भिंतीची उंची ठरवणाऱ्या कागदावर मात्र जुनाच आकडा राहतो.

पहिला उपाय स्वस्त आहे: पातमुखावर एकमार्गी झडप. बिजागरीची लोखंडी झडप प्लास्टिकची पिशवी किंवा फळकूट अडकले की अर्धवट उघडी राहते, आणि खाऱ्या पाण्यात बिजागरी गंजते. बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप याबाबत बरी, पण तिच्यावर शिंपले वाढतात आणि आतून गाळ दाटतो. नियमित साफसफाई नसेल तर दोन्ही निरुपयोगी. झडप चोख बसली तरी नवी अडचण उभी राहते. भरतीच्या वेळी पाऊस आला तर बंद झडपेमागे पावसाचे पाणी कोंडते.

मग पाणी उपसून बाहेर फेकणारे उदंचन केंद्र लागते. १ चौरस किलोमीटर काँक्रीटवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५०,००० घनमीटर पाणी जमते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर. एवढे पाणी फेकणारे पंप, त्यांच्याकडे पाणी आणणारे मोठे नाले, कचरा अडवणाऱ्या जाळ्या आणि वीज गेल्यावर चालणारे जनित्र यांपैकी एक कडी तुटली की बाकी सगळे शोभेचे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये साध्या मोठ्या पावसाने रस्ते बुडाले. सर्व पंप सुरू असल्याचे आधी सांगितले गेले. नंतर उघड झाले की कित्येक पंप आणि त्यांना वीज पुरवणारी यंत्रेही बंद होती. पंपाच्या उद्घाटनाला मंत्री येतात, त्याच्या वंगणाच्या तरतुदीवर कोणी भाषण करत नाही.

अमेरिकेतल्याच मायामी बीच या किनारी शहराला तर भिंतही पुरेशी नाही. तिथला खडक सच्छिद्र चुनखडीचा आहे, त्यामुळे समुद्र भिंतीखालून येतो. म्हणून तिथे रस्तेच उंच केले जात आहेत, आणि रस्ता उंच झाला की शेजारचे दुकान खड्ड्यात जाते.

काही शहरांत समुद्र चढण्यापेक्षा जमीन वेगाने खचते. चिकणमातीच्या थरांतून भूजल उपसले की थर दबतात आणि पुन्हा फुगत नाहीत. टोकियोच्या पूर्व भागात जमीन काही ठिकाणी ४ मीटरहून अधिक खचली. १९५६ पासून कायद्याने उपशावर निर्बंध आले, ते कडक होत गेले आणि खचणे जवळपास थांबले. जकार्ताच्या उत्तर भागात काही ठिकाणी वर्षाला १० सेंटीमीटरपर्यंत खचण्याची नोंद आहे आणि शहराचा सुमारे ४० टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली गेला आहे. २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानी हलवण्याची घोषणा केली. नळाचे पाणी घरोघरी पोहोचवून विहिरी बंद करणे हे काम राजधानी हलवण्याइतके दिमाखदार नाही, पण तिथे राहणाऱ्या लाखो लोकांना त्याचाच उपयोग आहे.

आकडा नकोसा झाला की तो टाळण्याचीही सोय असते. २०१० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विज्ञान समितीने शिफारस केली की २१०० पर्यंत सुमारे १ मीटर वाढ धरून किनाऱ्याचे नियोजन करावे. जमीन आणि बांधकाम व्यवसायाशी जोडलेल्यांनी विरोध केला. भूतकाळातील वेगच सरळ रेषेत पुढे ओढावा, अशी तरतूद विधेयकाच्या एका मसुद्यात होती. २०१२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने वाढत्या वेगाचा आकडा नियमांत वापरणे जुलै २०१६ पर्यंत रोखले. समितीच्या पुढच्या अहवालात तर फक्त ३० वर्षांचा अंदाज मागवला गेला. ३० वर्षांत वाढत्या वेगाचा वक्र आणि सरळ रेषा यांत फारसा फरक दिसत नाही; मतभेद असतो तो त्यापुढच्या काळाचा.

राजकीय अडचण याच विलंबात आहे. पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन आज वेगाने घटवले काय किंवा वाढू दिले काय, २०५० च्या पातळीत काही सेंटीमीटरचाच फरक पडतो. २१०० चा अंदाज मात्र पहिल्या वाटेने २८ ते ५५ सेंटीमीटर आहे, दुसऱ्या वाटेने ६३ ते १०१. खर्च या कार्यकाळात आणि फायदा दोन पिढ्यांनंतर, हा व्यवहार कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नाही.

बांधकामालाही तितकाच वेळ लागतो. व्हेनिसमध्ये १९६६ ला पाणी १९४ सेंटीमीटरवर गेले. समुद्राचे पाणी अडवणाऱ्या अडसराचे काम २००३ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये भ्रष्टाचार प्रकरणात अटका झाल्या आणि पहिला प्रत्यक्ष वापर ३ ऑक्टोबर २०२० ला झाला. खाडीच्या तीन तोंडांशी ७८ पोकळ दरवाजे तळाशी आडवे असतात. हवा भरली की आतले पाणी बाहेर पडून ते उभे राहतात. पण ८ डिसेंबर २०२० ला अंदाज तेव्हाच्या १३० सेंटीमीटरच्या मर्यादेखाली होता म्हणून ते उचललेच नाहीत. पाणी १३८ ला पोहोचले. शिवाय ही सर्व मोजमापे १८९७ मध्ये शून्य धरलेल्या पातळीपासूनची आहेत. त्यानंतर तिथली सरासरी पातळी, जमीन खचणे धरून, सुमारे ३० सेंटीमीटर वर आली आहे. ती जितकी चढेल तितके दरवाजे जास्त वेळा उचलावे लागतील, आणि तितका वेळ भरती-ओहोटीने कालवे धुणेही थांबेल.

लंडनने १९५३ च्या पुरानंतर थेम्स नदीवरचा अडसर कार्यान्वित करायला १९८२ उजाडू दिले. आता मात्र तिथे वेगळी पद्धत आहे. एकच अंतिम उंची न ठरवता समुद्राची पातळी, अडसराचा वापर अशा गोष्टी सतत मोजायच्या आणि ठरलेली खूण ओलांडली की पुढचे काम आपोआप अजेंड्यावर आणायचे. दर दहा वर्षांनी आराखडा तपासला जातो. २०२३ च्या तपासणीत अडसराच्या वरच्या बाजूचे काठ उंच करण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर आली, आणि अडसराच्या जागी पुढे काय, याचा निर्णय २०५० ऐवजी २०४० पर्यंत घ्यायचा आहे.