'लँडलबर' म्हणजे जमिनीचा प्रेमी नव्हे

बरीच वर्षे फिरणारा समज असा: समुद्राची सवय नसलेल्या माणसाला इंग्रज खलाशी 'लँडलबर' म्हणतात, तो शब्द 'लँड लव्हर'चा अपभ्रंश आहे. उच्चार जवळचे आहेत, त्यामुळे हे पटकन पटतं.

पण व्युत्पत्ती देणाऱ्या मोठ्या इंग्रजी कोशात आधी नुसता 'लबर' शोधा. अर्थ मिळेल धटिंगण, आळशी, बेंगरूळ माणूस. हा शब्द चौदाव्या शतकापासून, 'लोबर'सारख्या रूपात, जमिनीवरच वापरात होता. मठातल्या ऐतखाऊ साधूला 'ॲबी-लबर' म्हणत. 'लँड' त्याला जोडला गेला सतराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे 'लव्हर' बिघडून 'लबर' झालेलाच नाही.

जहाजावरचा पुरावा तर फारच बोलका आहे. शिडाच्या जहाजात डोलकाठीवरच्या मचाणाला काठीलगत एक भोक असे, 'लबर्स होल'. कसलेला खलाशी मचाणाच्या बाहेरच्या कडेने, पाठ समुद्राकडे झुकवून, दोरांवरून चढे. नवखा किंवा घाबरलेला त्या भोकातून वर येई. इथे 'प्रेमी' घालून पाहा, अर्थच लागत नाही. 'अडाणी गडी' घाला, चपखल बसतो. होकायंत्रात जहाजाच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, दिशा दाखवणाऱ्या स्थिर रेघेलाही 'लबर लाइन' म्हणतात.